सुभेदाराचं पोट

सशाला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की घास एकदा आत गेला की परतीची वाट बंद. कुत्रा नको ते खातो आणि गॅलरीत ओकून मोकळा होतो. मांजर गवताची दोन पाती चघळून पोट रिकामं करते. माणसाला तर लग्नाच्या पंगतीपासून घाटातल्या एसटीपर्यंत ही सोय कायम हाताशी. सशाला मात्र गिळलेलं पुढेच न्यावं लागतं, आणि पुढे जायचं थांबलं की सगळंच थांबतं. एवढं एक कलम ध्यानात घेतलं की सशाच्या दुखण्यांचं बरंचसं पुराण उलगडतं.

आमच्याकडे हे पुराण सुभेदारानं लावलं. सुभेदार म्हणजे भाचीचा ससा. रंग करडा, छाती पांढरी, आणला तेव्हा ओंजळीत मावणारा. नाव दणदणीत, पण कुकरची शिट्टी झाली की स्वारी दिवाणाखाली. पुण्यातलं आमचं घर जुनं, दुमजली. खाली आई-आप्पा आणि मी, वर बहिणीचं बिऱ्हाड. सुभेदाराचा मुक्काम वर असला तरी त्याच्या खाण्यापिण्याची चिंता दोन्ही मजल्यांना. दुकानदारानं पिंजऱ्याबरोबर सल्लाही फुकट दिला होता. "दूध-पोळी द्या, गाजर द्या. मांजरापेक्षा सोपं आहे बघा."

पहिलं दुखणं जुलाबाचं. शेपटीखालची लव चिकटलेली, पिंजऱ्याला आंबूस वास, खाण्याकडे पाठ. जवळच्या दवाखान्यात "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" असं ऐकून मायलेकी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सशा-पोपटांचं बघणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे पोचल्या. मॅडमनी सशाआधी त्याची विष्ठा तपासली, काचेवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली. कॉक्सिडिया निघाले. लहान सशांच्या आतड्यात हे एकपेशीय परजीवी फार वेळा सापडतात. दाटीवाटीच्या ओल्या पिंजऱ्यात एकाच्या विष्ठेतून ते दुसऱ्याच्या तोंडात जातात. त्यावर औषध होतं, ते लागू पडलं. पण निघताना मॅडमनी विचारलं, "याला आईपासून कधी तोडलं?"

दुकानदार दोन महिन्यांचा म्हणाला होता. मॅडमच्या मते त्या वेळी तो जेमतेम महिन्याचा असावा.

हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. सशाची आई पिलांना दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही चार-पाच मिनिटांत उरकून. पण त्या दाट दुधात जंतूंना आवर घालणारे घटक असतात. पिलाच्या जठरात अजून आम्ल पुरेसं नसतं. मोठ्या सशाचं जठर इतकं आंबट असतं, की आलेले बहुतेक जंतू तिथंच मरतात. दूध सुटलेलं आणि आम्ल पुरतं न आलेलं, अशा मधल्या आठवड्यांत पिलाचं पोट उघडं पडतं. शिवाय आई घरट्यात स्वतःच्या थोड्या लेंड्या सोडते आणि पिलं त्या कुरतडतात. गवत पचवायला लागणारे जिवाणू पिलांच्या पोटात पोचतात ते याही वाटेनं. आईकडून मिळणारी शिदोरी असते ती. म्हणून पिलू ८ आठवडे तरी आईजवळ राहावं असं जाणकार सांगतात. बाजारात मात्र जितकं लहान तितकं गोंडस आणि जितकं गोंडस तितकं लवकर खपतं. सुभेदाराची शिदोरी त्या हिशोबात राहून गेली.

सशाचं पचन हा मुळातच दोन खेपांचा कारभार आहे. लहान आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं एक पिशवी असते, तिला अंधांत्र म्हणतात. माणसात ती नावापुरती उरली आहे, आणि तिला लोंबणारं अपेंडिक्स दुखलं की आपल्याला तिचा पत्ता कळतो. सशाच्या पोटात मात्र ती सगळ्यांत मोठी जागा अडवून बसते, पचनमार्गातल्या ऐवजाचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग तिच्यात असतो. आतडं आलेल्या मालाची निवड करतं. जाड, चिवट धागे पुढे ढकलून त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या करायच्या आणि बारीक भुगा उलट्या दिशेनं अंधांत्रात परत पाठवायचा. तिथं जिवाणू तो आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं तयार होतात. मग त्याचा मऊ, चकचकीत, एकमेकांना चिकटलेल्या गोळ्यांचा घोस बाहेर येतो, बहुधा रात्री किंवा पहाटे. ससा मान वळवून तो थेट गुदद्वाराशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो.

भाचीला हे समजलं तेव्हा तिनं "ईऽऽ" केलं. आईनं नाही केलं. तिचं बालपण गोठ्याशेजारी गेलेलं. "गाय रवंथ करते, तशी याची रीत," म्हणाली. "गाईला पोटातून वर आणता येतं, याला येत नाही, मग बिचारा काय करणार?" पशुवैद्यकाच्या पुस्तकाला दोन पानं लागली असती ते तिनं पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं.

जुलाब गेले आणि काही आठवडे बरे गेले. मग दुसऱ्या तऱ्हेचं दुखणं आलं, आणि ते परत परत येत राहिलं.

कोथिंबिरीच्या जुडीचं रबर सोडताना बारीकसा आवाज होतो. तो सुभेदाराला जिन्यापलीकडूनही ऐकू यायचा आणि तो धावत यायचा. एका संध्याकाळी आला नाही. वर जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात बसलेला, पाठीचा बाक काढून, पुढचे पाय पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले. कोणालाही वाटावं, झोपलाय. भाचीनं कान त्याच्या तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाली, "मामा, ऐक." दात करकरत होते. ससा खुशीत असतानाही दात वाजवतो, कुरवाळलं की हलकेच, लयीत. हा आवाज तसला नव्हता. थांबून थांबून, जोर काढून घासल्याचा होता. मग त्यानं पोट जमिनीवर दाबलं, क्षणभर ताणून धरलं आणि पुन्हा बाक काढून बसला. कान गार. ट्रेमध्ये सकाळपासूनच्या लेंड्या होत्या. आधीच्या हरभऱ्याएवढ्या, नंतरच्या मिरीएवढ्या, काही केसांच्या धाग्यात ओवलेल्या, आणि दुपारनंतर काहीच नाही.

ट्रेमधली ती उतरंड हाच मॅडमच्या दृष्टीनं निम्मा रिपोर्ट होता. आतडी मंदावली होती. ससा चोवीस तास खातपीत, चघळत राहणारा प्राणी. त्याचं आतडं थांबलं की आतल्या जिवाणूंचा तोल जातो, गॅस धरतो, गॅसनं दुखतं, दुखलं की तो खात नाही आणि खाल्लं नाही की आतडं आणखी मंदावतं. हे चाक मधे कुठेतरी तोडावं लागतं. दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल तर सकाळची वाट बघायची नसते. मॅडमनी कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, शेकायला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून दिली. आधी पोट चाचपून कुठं अडकलेलं तर नाही ना, याची खात्री केली. मग गवताची भुकटी पाण्यात कालवून पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूनं, बिनसुईच्या सिरिंजनं थेंबाथेंबानं भरवायला शिकवलं. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. शेवटी स्टेथोस्कोप भाचीच्या कानाला लावला. निरोगी सशाच्या पोटात सतत हलकी खळखळ चालू असते. त्या रात्री तिथं शांतता होती. मध्येच एखादा बुडबुडा फुटल्याचा पोकळ आवाज. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेमध्ये मिरीएवढ्या तीन लेंड्या दिसल्या, तेव्हा भाचीनं जिन्यातून जी आरोळी ठोकली ती ऐकून शेजारच्यांना वाटलं, दहावीचा निकाल लागला.

घरात तान्हं मूल असलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती "शी झाली का?" अशी. रंग कोणता, घट्ट की पातळ, किती वेळा, यावर आज्या-मावश्यांची परिषद भरते. हिंगाचा लेप, ओव्याची पुरचुंडी, बाळगुटी. मूल बोलायला लागलं की हे विषय चारचौघांत काढायचे नाहीत असं ठरतं. सुभेदार बोलणार नव्हता. उलट लपवणार होता. ससा शिकारीला बळी पडणारा प्राणी. कळपातला दुखणाईत आधी टिपला जातो, म्हणून दुखणं चेहऱ्यावर येऊ न देणं हे त्याच्या रक्तातच आहे. कुत्रा कण्हतो, मांजर गुरगुरते, ससा गप्प बसतो. त्याच्या डोळ्यांत बघून काही कळत नाही. ते डोळे नेहमीच तसे, मोठे, ओलसर आणि काहीच न सांगणारे. खरं सांगतो तो ट्रे. भाचीनं सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ट्रेकडे बघायची सवय लावून घेतली. कॅमेऱ्यात सुभेदाराचे शेकडो गोड फोटो होते, पण मॅडमना दाखवायला उपयोगी पडले ते लेंड्यांचे.

आता प्रश्न असा, की हे पुन्हा पुन्हा का होत होतं? औषध बदलून, तपासण्या करून झाल्या. दात पाहून झाले. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात, झिजले नाहीत तर दाढांची टोकं गालात-जिभेत रुततात आणि खाणं सुटतं. सुभेदाराचे दात ठीक होते. मग मॅडमनी भाचीला आठवडाभर एक काम दिलं. सशाच्या तोंडात जे जे जाईल ते ते लिहायचं, कोणी दिलं त्यासह.

ती वही वाचण्यासारखी आहे. आई: पोळीचा पापुद्रा, "मऊ होता म्हणून". बहीण: सफरचंदाची फोड. शेजारचे काका, रोज चहाला येणारे: मारी बिस्किटाचा तुकडा. कामाच्या ताई: भाजीतलं गाजर. आप्पा: केळं. आत्या, रविवारी: पेढ्याचा कण, "सणाचा दिवस, त्याच्या तोंडाला नको का लागायला?" प्रत्येकाच्या लेखी एकच तुकडा, आणि प्रत्येकाच्या मते आजारातून उठलेल्या जिवाला थोडं चांगलंचुंगलं हवंच. दुखणं बरं झालं की लाड व्हायचे, लाड झाले की दुखणं यायचं. गोड आणि पिठूळ पदार्थ अंधांत्रात पोचले की तिथले नको ते जिवाणू माजतात, गॅस धरतो. आतड्याला पुढे ढकलायला जे जाड धागे हवेत ते पोळीत नाहीत, बिस्किटात नाहीत, केळ्यात तर नाहीतच. गाजरातही साखर बरीच. १९४० साली पडद्यावर आलेल्या बग्स बनीनं जगभरच्या सशांच्या तोंडात गाजर दिलं, पण तो दोन पायांवर चालणारा आणि बोलणाराही होता, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

आपल्याकडे माया पानात वाढून व्यक्त होते. पाहुणा नको म्हणाला की आणखी एक वाढायची, तो खरंच नको म्हणाला की हात आडवा धरला असतानाही वाढायची. पोट भरल्यानंतर जे वाढलं जातं त्यालाच आग्रह म्हणतात; भुकेल्याला वाढणं हे नुसतं वाढणं झालं. या रीतीत मोठी झालेली माणसं एका जनावराला दिवसभर नुसतं वाळलेलं गवत चघळताना बघतात तेव्हा त्यांना ते उपाशी ठेवल्यासारखं वाटतं. आईला तर लाजच वाटायची. "कोणी बघितलं तर म्हणेल, एवढ्या घरात याला चघळायला गवत!" पण सशाच्या जेवणात दहात आठ भाग गवत हवं. बाकी थोडा पाला, आणि खुराकाच्या गोळ्या चमचाभर. गवत हेच पक्वान्न आणि हेच औषध. त्याच्याबाबतीत माया करायची तर ती रोजच्या रोज, कंटाळवाणी, एकाच चवीची करायला हवी, आणि हे आम्हाला फार जड गेलं.

सल्ले द्यायला बाहेरचेही होते. एकजण म्हणाले, "घरात अमॉक्सिसिलिन असेल ना, पाव गोळी चारा." माणसाच्या मुलाला सर्रास मिळणारं हे औषध सशाच्या पोटात गेलं की अंधांत्रातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वाढतात आणि त्यांच्या विषानं ससा दगावू शकतो. दुसरे म्हणाले, "टेकडीवर सोडून द्या, निसर्ग बघून घेईल." टेकडीवर आणि माळावर धावतो तो आपला काळ्या मानेचा ससा वेगळा. त्याची पिलं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावर जन्मतात. सुभेदाराचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे, त्यांची पिलं उघडी आणि आंधळी जन्मतात. टेकडीवर सुभेदाराला बघून घेणारा निसर्ग म्हणजे भटकी कुत्री आणि घारी.

वहीप्रमाणे सगळं बंद झालं आणि दोन-तीन महिने ट्रे उत्तम चालला. मग पावसाळा अर्ध्यावर आला, नदीकाठी आणि पुलांखाली ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले, आणि सुभेदार पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसला. या खेपेला वही निर्दोष होती. लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकली आहे: झाडाखाली झोपलेल्या सशाच्या अंगावर पान पडतं आणि आभाळ कोसळलं म्हणून तो धावत सुटतो. आपण त्या सशाला हसलो. पण त्याच्या शरीराच्या हिशोबात तो चुकला नव्हता. भीती वाटली की रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, सगळं बळ पायांकडे जातं आणि आतड्याचं काम थांबवलं जातं. पळायचं असताना पचवत कोण बसतं? धोका टळला की आतडं पुन्हा चालू. पण ताशाचा धोका रात्रीचे दहा वाजले तरी टळत नाही. मॅडमनी त्यावर औषध दिलंच, पण मुख्य उपाय जागेचा होता. पिंजरा मागच्या खोलीत, जुन्या वाड्याच्या जाड भिंतीकडे नेला, त्यात शिरायला खोकं ठेवलं, आणि खोकं गवतानं गच्च भरलं. घाबरलेला ससाही तोंडासमोर गवत असेल तर चघळतो, चघळलं की पोट हलतं.

त्या गवताचीही एक शोधयात्रा झाली. पुस्तकांतलं टिमोथी गवत परदेशातून येतं आणि त्याची किंमत ऐकून आप्पांनी बासमतीशी तुलना केली. लसूणघास वाढत्या पिलाला चालतो, पण त्यात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला रोज नको. शेवटी गोठेवाल्याकडून वाळलेलं साधं गवत मिळालं, बुरशी नसलेलं, धूळ झटकून घेतलेलं. आणि हिरवं म्हणून हरळी. गणपतीच्या दिवसांत मंडईत तिचे ढीगच असतात, जुड्या बांधून. आई एकवीस दूर्वा निवडायची, उरलेली हरळी धुऊन सुभेदाराला.

अनलासुराची कथा तिनंच त्या वेळी भाचीला सांगितली. त्या असुराला गणपतीनं गिळून टाकलं आणि पोटात आगडोंब उसळला. चंद्र कपाळावर ठेवून झाला, आणखी काय काय उपाय झाले, दाह शमेना. ऋषींनी दूर्वा वाहिल्या तेव्हा कुठं पोट निवलं. भाची म्हणाली, "म्हणजे आजी, बाप्पालाही उलटी होत नव्हती!" आईला यावर काय बोलावं कळेना. पण मला वाटतं, मुद्दा तिथंच होता. त्याच देवापुढे आपण मोदकही ठेवतो आणि दूर्वाही. मोदक आपल्या हौसेचा, दूर्वा त्याच्या पोटाची. आरती झाली की मोदक आपण खातो आणि दूर्वा निर्माल्यात जातात.

"एवढ्याशानं काय होतंय" हे आमच्या घरातलं सगळ्यांत लाडकं वाक्य. त्याचा बंदोबस्त भाचीनं गणितानं केला. अंगठ्याएवढा केळ्याचा तुकडा काट्यावर ठेवला: १० ग्रॅम. सुभेदार तेव्हा १ किलोचा. मग ६० किलोच्या माणसाला तोच तुकडा किती? ६०० ग्रॅम, म्हणजे सोललेली पाच-सहा केळी, एका बैठकीत. हा हिशोब तिनं कागदावर लिहून फ्रिजला लावला. बिस्किटवाले काका तो वाचून थोडे नाराज झाले. पुढच्या वेळी खिशातून हरळीची काडी घेऊन आले.

सुभेदार आता वर्षाचा झाला आहे. वजन दुप्पट, पोट आधीपेक्षा कणखर. दुखणं पूर्ण गेलं असं मॅडम म्हणत नाहीत. मंदावायची सवय असलेलं आतडं पुन्हा मंदावू शकतं, म्हणून ट्रे पाहणं चालू आहे आणि भुकटीची पुडी कपाटात आहे.

यंदा गणपतीत आईनं आप्पांच्या पानात दुसरा मोदक ठेवला. आप्पांना मधुमेह आहे, आणि त्यांच्या पानाभोवती हे नाटक दरवर्षी होतं. ते नको म्हणतात, आई म्हणते एवढ्याशानं काय होतंय, आत्या दुजोरा देतात, आप्पा हरतात. या वेळी त्यांनी हात आडवा धरला नाही. फ्रिजकडे बोट करून एवढंच विचारलं, "किती ग्रॅम?" आई आधी रागावली, मग हसली, आणि मोदकाचे दोन भाग केले. उरलेला अर्धा कोणी खायचा यावरून पंगतीत बरीच ओढाताण झाली. त्यात सुभेदाराचं नाव कोणीही काढलं नाही, अगदी आत्यांनीसुद्धा.